बेल्ट सारखा ढिला होतोय? कसण्याआधी खडूची एक रेघ मारा

(हा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोड नाही, सर्व्हर नाही, एआय तर अजिबात नाही. आज आपण बोलणार आहोत एका रबरी पट्ट्याबद्दल. धान चुरायच्या मशीनवरचा व्ही-बेल्ट. तो ढिला होतो, आपण कसतो, तो परत ढिला होतो. हे का होतं आणि खरं कारण कसं शोधायचं, एवढाच आजचा विषय.

थ्रेशर तुमच्याकडे नसेल तरी ऐका. पिठाची गिरणी, राईस मिल, एअर कॉम्प्रेसर, पॉवर टिलर, सगळीकडे हाच पट्टा आहे. माझा एक कॉलेजमित्र अमेरिकेत असतो. त्याच्या अंगणातल्या बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनचा बेल्ट दर महिन्याला उतरतो म्हणून तो वैतागलाय. त्याच्याकडेही शेवटी येऊच.

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट

मी घरून काम करत होतो, अर्जुनी मोरगाव तालुक्यात मामाकडे. गोंदिया जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, तलावांचा आणि धानाचा. खरिपाचं धान कापलं की बांधीत त्याचे पुंजणे लागतात आणि मग थ्रेशरची वाट बघणं सुरू होतं. मशीन भाड्याची. आज तुमच्याकडे, उद्या दुसऱ्याच्या बांधीत.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अर्धे पुंजणे ताडपत्रीखाली, अर्धे उघडे. नंबर आमचा होता आणि आमच्यानंतरचे काका धुऱ्यावर येऊन उभेच होते. अशात पोत्यात पडणाऱ्या धानात कचरा यायला लागला. पोचट दाणे, काड्या, तणसाचे तुकडे.

मिस्त्री म्हणाला, "पंख्याचा बेल्ट ढिला झाला." मशीन थांबवली, बेल्ट कसला, मशीन सुरू. धान स्वच्छ. अर्ध्या तासानं पुन्हा कचरा. पुन्हा कसला. पुन्हा अर्धा तास. तिसऱ्या वेळी त्यानं पाना पायानं दाबून असा काही कसला की पंख्याच्या बेअरिंगमधून घरघर ऐकू यायला लागली.

मी विचारलं, "दादा, बेल्ट जुना आहे का?"

"नवाच हाये. चार दिस झाले टाकून."

मामा म्हणाला, "मंग काहून ढिला होते?"

आख्ख्या एपिसोडचा प्रश्न हाच आहे. मिस्त्रीनं तीनदा "बेल्ट ढिला आहे का?" याचं उत्तर दिलं होतं. "काहून?" हे मामानं पहिल्यांदा विचारलं. आपल्या ऑफिसात पण हेच होतं ना? सर्व्हर पडला, रिस्टार्ट केला, चालू झाला, तिकीट बंद. रात्री परत पडतो.

आधी पट्टा काम कसा करतो ते समजून घेऊ

व्ही-बेल्ट कापून पाहिला तर खाली निमुळता दिसतो. पुलीची खाच पण तशीच निमुळती. बेल्ट खाचेच्या तळावर टेकत नाही, टेकायला नको. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा अडकतो. लाकडात पाचर ठोकली की बाजूंवर किती दाब येतो, तसंच. साधारण ३८ अंशांच्या खाचेत या पाचरीमुळे पकड सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट होते. म्हणून एवढासा पट्टा एवढा भार ओढतो.

आतमध्ये दोऱ्या असतात, बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या. ओढ त्या दोऱ्या सहन करतात, रबर फक्त पकड देतं.

आता ताण कमी झाला की पाचर नीट बसत नाही आणि बेल्ट घसरतो. घसरला की गरम होतो. गरम झाला की रबर कडक होऊन बाजू काचेसारख्या चकाकतात. चकाकल्या की अजून घसरतो. ढोबळ हिशेब असा की बेल्टचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ढिला बेल्ट चालवत राहिलात तर तो स्वतःलाच खातो.

आणि उलट बाजूही आहे. जास्त कसला तर सगळा भार बेअरिंगवर आणि शाफ्टवर जातो. बेल्ट काही शे रुपयांचा. बेअरिंग आणि शाफ्टचं काम निघालं तर दिवस गेला, आणि आभाळ थांबत नाही.

कोणता बेल्ट घसरतोय, ते धानच सांगतं

मशीनकडे न बघता आधी पोत्याकडे आणि तणसाकडे बघा. आमच्या मशीनमध्ये ट्रॅक्टरच्या पीटीओवरून ड्रम थेट फिरत होता. ड्रमच्या शाफ्टवरून एक बेल्ट पंख्याला, दुसरा चाळणीला.

तणसात लोंब्या न चुरलेल्या राहतायत, दाणे चिकटलेले दिसतायत? मग ड्रमचा वेग पडतोय. ड्रम बेल्टवर असेल तर तो बेल्ट बघा, थेट असेल तर ट्रॅक्टरचे आरपीएम बघा. पीटीओला साधारण ५४० फेरे हवे असतात.

तणस स्वच्छ आहे पण पोत्यात कचरा येतोय? ड्रम ठीक, पंखा कमी पडतोय.

चाळणीवर ढीग साचतोय, दाणे पुढे सरकत नाहीत? चाळणीचा बेल्ट.

आमचं तणस स्वच्छ होतं. म्हणजे पंखा. मिस्त्रीचं निदान इथपर्यंत अगदी बरोबर होतं, हे मला सांगायलाच हवं.

पंख्याची एक गंमत आहे. त्याचा वेग कमी झाला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण हवेचा दाब वर्गाच्या प्रमाणात पडतो. वेग १५ टक्क्यांनी घटला तर दाब राहतो सुमारे ७२ टक्के. म्हणजे कानाला पंखा चालूच वाटतो, डोळ्यालाही फिरताना दिसतो, पण काड्या उडवण्याची त्याची ताकद पाव हिश्शापेक्षा जास्त गेलेली असते.

आता यात पैसा किती? आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेलं की ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो आणि काडीकचऱ्यालाही मर्यादा असते. कचरा जास्त निघाला की पुन्हा वारवा, पुन्हा गाळा, पुन्हा रांग. आणि ड्रमच्या बाजूनं गडबड असेल तर दाणा सरळ तणसात जातो. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. १०० क्विंटलमागे समजा २ क्विंटल तणसात गेलं तर ४,७३८ रुपये बैलांनी खाल्ले. एका बेल्टसाठी.

पानाला हात लावण्याआधी

इथे मी थोडा थांबतो.

माझ्या मामाच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. मी लहान होतो तेव्हा डिझेल इंजिनवर सपाट पट्ट्याची मशीन असायची. पट्टा घसरायला लागला की चालू मशीनमध्येच त्याच्यावर राळ घासायची पद्धत होती. मामा राळ घासत होता. पट्टा आणि पुलीच्या मधे हात ओढला गेला. तो याबद्दल फार बोलत नाही. फक्त मशीनपाशी कोणी पोरगं गेलं की ओरडतो.

घसरणाऱ्या पट्ट्याला हात लावायचा मोह चालू मशीनमध्येच होतो, कारण घसरताना तो तेव्हाच दिसतो. म्हणून क्रम पक्का ठेवा. पीटीओ बंद. ट्रॅक्टर बंद. चावी काढून ज्याचा हात आत जाणार आहे त्याच्या खिशात. ड्रम जड असतो, इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो, तो पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. मग जाळी काढायची. आणि काम झालं की आधी जाळी परत, मग चावी. जाळी नंतर लावू म्हणणाऱ्याला माझ्या मामाशी भेटवा.

मळणीयंत्रासारख्या मशीनसाठी आपल्याकडे १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. अपघात झाला तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेल्यास १ लाख आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही माहिती असू द्या. पण बोट परत देणारी योजना नाही.

ढिला होण्याची कारणं तीनच

आता मुद्द्यावर येऊ. कसलेला बेल्ट परत ढिला झाला तर तीनपैकी एकच गोष्ट होऊ शकते.

एक, बेल्ट लांब होतोय.
दोन, बेल्ट खाचेत खाली बसतोय.
तीन, जे कसलं तेच मागे सरकतंय.

चौथं कारण मला तरी सापडलं नाही. आता एकेक तपासू.

बेल्ट लांब होतोय का?

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणतो आणि खाचेत नीट बसतो. हे नॉर्मल आहे. म्हणून नवा बेल्ट टाकल्यावर अर्ध्या तासानं एकदा आणि दिवसभराच्या कामानंतर एकदा ताण बघायचा. पण चार दिवसांनंतरही दर अर्ध्या तासाला लांब होत असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्यात. त्या कशा तुटतात? बहुतेक वेळा आपणच तोडतो. टेन्शनर ढिला न करता पेचकसानं किंवा पारीनं बेल्ट पुलीवर चढवला की एका जागच्या दोऱ्या तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. बेल्ट हातात घेऊन हळूहळू फिरवा, एखाद्या जागी तो मऊ पडतो किंवा वाकडा होतो. तसा असेल तर तो गेला.

बेल्ट खाली बसतोय का?

बेल्टचा वरचा भाग पुलीच्या काठाच्या बरोबरीला किंवा किंचित वर हवा. आत बुडालेला असेल तर दोन शक्यता. एकतर बेल्टचा नंबर चुकलाय. बेल्टवर 'बी-६५' असं काही लिहिलेलं असतं. बी म्हणजे जाडी, ६५ म्हणजे आतून ६५ इंच लांबी. ए बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद, बी १७, सी २२. दुकानात बी संपला म्हणून त्याच लांबीचा ए आणला की तो बीच्या खाचेत तळाला जाऊन बसतो. पाचरच नाही, मग पकड कुठून येणार? कितीही कसा.

दुसरी शक्यता, पुलीची खाच झिजलीय. सरळ भिंतींऐवजी ती वाटीसारखी खोल झाली असेल, किंवा तळ आरशासारखा चमकत असेल, तर बेल्ट तळावर घासतोय. मग नवा बेल्ट टाकून उपयोग नाही, पुली बदला. आणि एका पुलीवर दोन-तीन बेल्ट शेजारी असतील तर एकटा बदलू नका. नवा आखूड, जुने लांबलेले. सगळा भार एकट्या नव्यावर जातो. बदलायचे तर सगळे एकदम.

कसलेलं मागे सरकतंय का?

हे सगळ्यात कमी तपासलं जातं. ताण देणारी पुली एका ब्रॅकेटवर असते. ब्रॅकेटला लांबट खाच, तिच्यात बोल्ट. बोल्ट ढिला करायचा, ब्रॅकेट सरकवायचं, बोल्ट कसायचा. मशीन दिवसभर थरथरते. बोल्टखालचा वॉशर हरवलेला असेल, पत्रा झिजलेला असेल, तर बोल्ट घट्ट वाटतो पण ब्रॅकेट मिलिमीटर-मिलिमीटरनं मागे येतं.

हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून खडू.

खडूची रेघ

मामाच्या पोराच्या दप्तरातून खडू आणला. मशीन बंद, चावी माझ्या खिशात. मिस्त्रीनं ताण दिला, मी ब्रॅकेटवरून सुरू करून खालच्या फ्रेमवर जाणारी एक सरळ रेघ मारली. बेल्ट आणि पुलीवरही एक छोटी खूण केली. जाळी लावली. मशीन सुरू.

अर्ध्या तासानं कचरा सुरू झाला. मशीन बंद, ड्रम थांबेपर्यंत थांबलो, जाळी काढली. रेघ तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापेक्षा साधारण ४ मिलिमीटर मागे.

मिस्त्री खाली वाकला, बघितलं आणि एकच शब्द म्हणाला, तो मी इथे लिहीत नाही. बोल्ट पूर्ण काढला. वॉशर नव्हताच. बोल्टच्या डोक्यानं पत्र्यात खड्डा पाडला होता आणि दर वेळी कसल्यावर बोल्ट घसरून त्याच जुन्या खड्ड्यात जाऊन बसत होता. बेल्ट बिचारा निर्दोष.

वेल्डिंगवाल्याकडे ब्रॅकेट नेलं, वरून जाड पट्टीचा तुकडा लावून घेतला, जाड वॉशर आणि स्प्रिंग वॉशर टाकले. तासाभराचं काम. संध्याकाळी उशिरापर्यंत चुरणं चाललं. पाऊस रात्री आला. आमचं धान घरात होतं, पुढच्या काकांचे तीन पुंजणे मात्र राहिले. पहिल्याच वेळी ती रेघ मारली असती तर कदाचित त्यांचेही आत आले असते. ते मला अजून खातं.

मी शहाणा आणि मिस्त्री अडाणी, अशी ही गोष्ट नाही. त्याच्या हाताला ताण कळतो, मला कळत नाही. पण त्याच्यामागे रांग उभी होती, आणि रांग उभी असली की माणूस लक्षण दाबतो, कारण शोधत नाही. मी पण प्रॉडक्शनवर हेच करतो. खडूची रेघ म्हणजे आपल्या भाषेत लॉग. मशीनला बोलायला लावण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग.

मग ताण किती द्यायचा?

दोन पुलींच्या मधे बेल्टचा जो मोकळा भाग असतो तो मोजा. मधोमध अंगठ्यानं दाबा. दर १० सेंटिमीटर लांबीला सुमारे १.६ मिलिमीटर दबायला हवा. म्हणजे मोकळा भाग ६० सेंटिमीटर असेल तर जवळपास १ सेंटिमीटर. जोर किती? छोट्या बेल्टला कमी, जाड बेल्टला जास्त. मिस्त्रीचा अंगठा इथे माझ्या पट्टीपेक्षा भरवशाचा. नियम एकच, भार आल्यावर जेवढ्या ताणात बेल्ट घसरत नाही तेवढा कमीत कमी ताण बरोबर.

ताण देताना अजून दोन गोष्टी. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते सुतळीनं बघा. एका पुलीच्या चेहऱ्यावर सुतळी धरून दुसरीपर्यंत ओढा. दोन्ही पुलींच्या काठाची जाडी सारखी असेल तर चारही जागी ती टेकली पाहिजे. तिरकी असेल तर बेल्टची एकच बाजू झिजते आणि शेवटी तो उतरतो. दुसरं, ताण देणारी पुली हातानं फिरवून बघा. अडखळली, हलली किंवा करकरली तर तिचं बेअरिंग गेलंय.

आणि कृपा करून व्ही-बेल्टवर राळ, ग्रीस, साबण काही लावू नका. चिकट झाल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं, मग त्यावर धुळीचा थर बसतो. तेल लागलं असेल तर पुसा. खूप मुरलं असेल तर बदला.

अमेरिकेतल्या मित्राचं काय?

त्याच्या मशीनमध्ये इंजिनवरून एकच लांब बेल्ट निघतो आणि खालच्या डेकमधल्या दोन-तीन पात्यांना फिरवतो. ताण स्प्रिंगवरच्या पुलीनं येतो. लक्षण काय? गवत कुठे कापलं, कुठे राहिलं. तो प्रत्येक वेळी नवा बेल्ट मागवतो. मी त्याला तेच तीन प्रश्न पाठवले. तिथे तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं थोडी वेगळी असतात: स्प्रिंग ताणून सैल झालेली, पुलीचा हात गंजून अडकलेला, किंवा झाकणाखाली कापलेलं गवत दाबून बसलेलं. अजून एक, तिथल्या बऱ्याच बेल्टमध्ये पॉलिएस्टरऐवजी अॅरामिडच्या दोऱ्या असतात, कारण पाती जोडताना बेल्ट दर वेळी घसरत-घसरत पकड घेतो. त्याच मापाचा साधा बेल्ट टाकला तर लवकर जातो. आणि हात घालण्याआधी चावी काढ, स्पार्क प्लगची वायर काढ, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

थोडक्यात

आधी धान आणि तणस बघून कोणता बेल्ट ते ठरवा. मशीन बंद, चावी खिशात, ड्रम थांबू द्या. बेल्टचा नंबर, बाजू आणि खाच बघा. ताण द्या, खडूची रेघ मारा, जाळी लावा, अर्धा तास चालवा. रेघ तुटली तर ब्रॅकेट. रेघ जागेवर आणि तरी बेल्ट ढिला, तर बेल्ट किंवा पुली.

मामानं आता मशीन येण्याआधीच खिशात खडू ठेवायला सुरुवात केलीय. या वर्षी फोनवर सांगत होता, "बाबू, मिस्त्रीनंच मागितला खडू." त्या तीन बोटांच्या हातात खडू कसा दिसत असेल, तेच डोळ्यासमोर येत होतं.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्याकडे कोणती मशीन सारखी तोच त्रास देते ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सांभाळून.